वीतभर आखूड

आमच्या शेजारचा लंबू गेला तेव्हा सगळी गल्ली हळहळली. मीही हळहळलो, पण आता निदान दुपारची झोप मिळेल, असा एक विचार मनात येऊन गेला.

लंबू पावाच्या भट्टीवर रात्रपाळीला होता. सकाळी कानांत पीठ घेऊन घरी यायचा आणि दिवसा झोपायचा. दारातून आत शिरताना त्याला इतकं वाकावं लागे की नवख्या माणसाला तो फार नम्र वाटायचा. पलंग मात्र त्याच्यापेक्षा वीतभर आखूड. पलंग आणि आमची सामाईक भिंत यांच्यामध्ये झाडू फिरायला जागा हवी, हा त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, हट्ट. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं पहिल्यांदा म्हणणारा माणूस नक्कीच बुटका असणार. लंबूच्या टाचा अधांतरी राहायच्या, म्हणून तो तळवे भिंतीला टेकवून झोपे. कूस बदलली की आमच्याकडे धप्प. मग झाडूची खरखर आणि वहिनींचं रोजचं, "पाय वर घ्या."

पलंग वाढवायचं बोलणं दरवर्षी निघायचं आणि लांबणीवर पडायचं. तेवढ्यात लंबूच गेला.

वहिनींनी खोलीला नवा रंग दिला. रंग वाळला असेल-नसेल, एका दुपारी मी तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडलो होतो आणि भिंतीतून आलं, धप्प. सवयीने मनातल्या मनात एक शिवी हासडली. ती कोणाला दिली हे ध्यानात आलं तेव्हा उठून बसलो. आमची ही दारात उभी होती. ऐकलंत का, म्हणून तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिने माझ्या हातावर उभ्या राहिलेल्या काट्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

आवाजाची गोष्ट वहिनींनी फोनवर मुलाला सांगितली, तिथे घोळ झाला. मुलगा दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. आईची काळजी त्याला होती, पण काळजी करायला सवड नव्हती. त्याने निकाल दिला : पुढच्या महिन्यात येतो, तोवर तुझे हे आवाज थांबले नाहीत तर घर विकायचं आणि तू माझ्याकडे यायचं. वहिनी आमच्याकडे येऊन बसल्या. इथून हलायचं नाही, एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. तिकडे झाडायला यंत्र आहे म्हणे. आपलं आपणच फिरतं, कुणाला काही सांगावं लागत नाही.

उपाय आमच्या हिने सुचवला. त्यांना पाय पसरायचे असतील तर द्या की पसरू.

सुतारमिस्त्री आला. लेंग्थ किती वाढवायची, त्याने विचारलं. वहिनींनी हवेत वीत धरली. झोपणारे उंच आहेत का, त्याने विचारलं. आहेत, वहिनी म्हणाल्या. मिस्त्रीने मान डोलावली आणि फळ्या जोडल्या. पलंग थेट भिंतीला भिडला.

आवाज थांबला. पहिल्या दुपारी मी आडवा झालो आणि वाट बघत बसलो. कशाची, ते स्वतःला विचारलं नाही. आमची ही त्या भिंतीजवळून चवड्यांवर चालू लागली. पलीकडे झाडूही वाजेना. वहिनी दारात भेटल्या की हसायच्या, पण परक्या गावात पत्ता विचारावा तसं.

मुलगा येणार त्याच्या आदल्या दिवशी पलीकडे करवत सुरू झाली. मी धावत गेलो. मिस्त्री स्वतःच जोडलेला तुकडा निर्विकारपणे कापत होता. मी वहिनींना म्हटलं, अहो, उद्या चिरंजीव येतायत, घर जाईल हातचं.

"झाडायला जागा उरली नव्हती," त्या म्हणाल्या. मग करवत थांबल्यावर खालच्या आवाजात, "भाऊजी, पाय पसरायला मिळाले आणि ते झोपूनच गेले हो."

मिस्त्रीने तुकडा बाजूला ओढला. मागे, नव्याकोऱ्या रंगावर, दोन लांबलचक तळव्यांचे पिठूळ ठसे होते. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मिस्त्रीनेही पाहिलं आणि हत्यारं जरा घाईने गोळा केली.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. आता कसले आवाज नि कसलं काय, असं आई म्हणाली, त्यावर त्याचा विश्वास बसेना. मग तो आमच्याकडे आला. खुर्ची नेमकी त्या भिंतीला लावून बसला.

"काका, खरं सांगा. येतो आवाज?"

"छे," मी म्हणालो.

धप्प. अगदी त्याच्या डोक्यामागे. त्याच्या कपातला चहा बशीत उतरला.

"मांजर आहे," आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

आमच्याकडे मांजर नाही. मुलगा वळला. लहानपणापासून पाढ्यांपासून परीक्षांपर्यंत सगळा अभ्यास त्याने याच आवाजाच्या साथीने केला होता. त्याने तळहात भिंतीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पुन्हा आलं. या वेळी जरा हळू.

"मोठं दिसतंय मांजर," तो म्हणाला.

"उंच आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी तो एकटाच परत गेला. घर विकायचं पुन्हा बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी पडलो होतो. भिंतीपलीकडे झाडू खरखरत आला आणि मध्येच थांबला.

"पाय वर घ्या."

उंच माणसाला पाय वर घ्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ झाडू थांबला. मग पुढे गेला.