सहा मिनिटांची सरासरी

सकाळी सातच्या सुमारास ऊन समोरच्या गच्चीचा कठडा ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात येते. आधी ते खिडकीच्या गजांवर थबकते, मग ओट्यावरच्या पालथ्या पातेल्यांना एकेक करून हात लावते, आणि अखेरीस बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर येऊन टेकते, जणू त्याला पुढे कुठे जायचेच नसावे. त्या उन्हात तरंगणारी धूळ मी पुष्कळ वेळ पाहत बसतो. प्रकाश हीसुद्धा विद्युतचुंबकीय लहरच आहे. मात्र त्याच्याविरुद्ध आमच्या कार्यालयात आजवर एकही तक्रार आलेली नाही.

मोबाइल टॉवरच्या लहरी मोजणे हे माझे काम. तक्रार आली की त्या घरी जाऊन तिपाई उभी करायची, तिच्यावर मीटर बसवायचा आणि सहा मिनिटांची सरासरी घ्यायची. तेवढ्या वेळात खोलीत कोणी हालायचे नाही, असा नियम. लोकांना तो नियम आवडतो. आपल्या दुखण्याकडे इतका वेळ निमूटपणे पाहणारे दुसरे कोणी त्यांना भेटलेले नसते.

समोरच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला त्याला आठ महिने झाले. बाबांनी चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली. आता त्यांना चहा घेतल्याचे आठवत नसे, शेजाऱ्यांची नावे सापडत नसत. "टॉवरने डोक्याचा भुगा केला," असे ते म्हणत. त्यांच्या वतीने मीच तक्रार लिहिली, आणि कार्यालयात मोजणारा दुसरा कोणी नसल्यामुळे ती माझ्याकडेच आली.

आजची मोजणी चौथी. आधीच्या तिन्ही वेळा आकडा मर्यादेच्या शंभराव्या भागाइतकाही भरला नव्हता. पहिल्या वेळी मी मीटरवर संशय घेतला, दुसऱ्या वेळी हवेवर, तिसऱ्या वेळी फ्रिजवर. आज फ्रिज बंद होता.

"किती वेळ पुतळा होऊन उभं राहायचं?" ताईने विचारले. ती महिन्यातून एकदा बाबांना भेटायला येते.

"सहा मिनिटं."

"दूध उतू जाईल."

"गॅस बंद कर."

"बंदच आहे. तुला घाबरवून पाहिलं."

"गप्प बसा दोघं," बाबा ओठ न हलवता म्हणाले. "आकडा बिघडेल."

मीटर वाजला. आकडा तोच होता.

"काय म्हणतंय यंत्र?"

"कमी आहे, बाबा."

"लबाड आहे तो टॉवर. तुला बघून साळसूद होतो. तुझी पाठ फिरली की सुरू."

ताईला हसू आले आणि लगेच मावळले. मी मीटर पेटीत ठेवला आणि घरच्या माणसाच्या सहीसाठी अर्ज तिच्यापुढे सरकवला. 'त्रास केव्हापासून' या रकान्यावर तिचे बोट थांबले.

"हा महिना कोणी लिहिला?"

"मी. टॉवर त्याच महिन्यात आला."

"आणि माझं घड्याळ? बाबांनी ते उघडलं, जोडता आलं नाही, म्हणून सगळे भाग बशीत घालून परत दिले. कधीची गोष्ट ही?"

"तेव्हा चष्म्याचा नंबर बदलला होता."

"नवा चष्मा आणलास ना? मग जोडलं का?"

मी पेटीचा पट्टा आवळत राहिलो.

"डॉक्टरांनी तपासण्यांची चिठ्ठी दिली, ती चार महिने फडताळात आहे," ताई आवाज खाली आणून म्हणाली. "टॉवर उतरेपर्यंत बाबांनी थांबायचं का रे?"

"टॉवर हलवता येतो, ताई. अर्ज केला की निदान तो हलवता तरी येतो."

ताईने फडताळ उघडून चिठ्ठी काढली, दवाखान्याला फोन लावला आणि उद्या सकाळची वेळ घेतली. मग पेन माझ्या हातात दिले.

"भांडू नका रे," बाबा म्हणाले. "मोजणी व्हायचीय ना अजून? हा बघ, मी हलत नाही."

ते गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ ताठ करून बसले. मीटर पेटीत होता. ते मी त्यांना सांगितले नाही. सहा मिनिटे मीही हाललो नाही. मग 'त्रास केव्हापासून' या रकान्यातला महिना खोडला.

बाबा विसरू लागले तेव्हा समोरच्या गच्चीवर फक्त कपडे वाळत असत. टॉवर नव्हता.