एक कमी धरून

तात्याबाला कुणी वय विचारलं की तो साठ सांगायचा, आणि गेली बारा वर्षं तो साठच सांगत होता. जेवताना किती भाकरी झाल्या विचारलं तर "असतील दीड-दोन." मेंढरं होती तेव्हाही हेच. दोनशे चाळीस मेंढरं घेऊन हा माणूस घाट उतरायचा आणि वाटेत कुणी विचारलं, "पाव्हणं, किती हायती?" तर म्हणायचा, "हायती आपली धा-पाच." खरा आकडा तोंडातून काढायचा नाही, ही त्यांच्या मेंढपाळांतली जुनी रीत. आकडा बोलला की नजर लागते. ही रीत तात्याबानं जन्मात एकदाच मोडली. बावड्याच्या बाजारात जरा तोऱ्यात येऊन त्यानं चारचौघांत पुरा आकडा सांगितला आणि पंधरा दिवसांत साठ मेंढरं रोगानं गेली. डॉक्टर म्हणाले, साथ होती, सगळ्यांचीच गेली. तात्याबा म्हणाला, "सगळ्यांची गेली, पर माजी सांगितल्यावर गेली." आता अशा माणसाशी कोण वाद घालणार?

पुढं मेंढरं विकली, ऊस आला, दारात दोन गाई आल्या. वरकुट्यापासून तीन किलोमीटरवर बिरोबाच्या माळावर त्यांची बारा घरांची वस्ती. वस्तीवर शाळा नाही. पोरं मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालत गावात जातात, आणि कारखाना चालू झाला की त्याच रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढत उसाचे ट्रॅक्टर धावतात, गाणी लावून. मागच्या हंगामात एका ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसानं तात्याबाच्या नातवाचं, मल्हारचं, दप्तर ओढून नेलं. दप्तराचा बंद तुटला म्हणून पोरगं वाचलं. तेव्हापासून तात्याबाची बायको सारजा रोज सकाळ-संध्याकाळ वळणावर उभी राहते, पोरं रस्ता ओलांडून जाईपर्यंत आणि परत येईपर्यंत.

म्हणून वस्तीला शाळा हवी होती. तालुक्याच्या कचेरीनं सांगितलं, सहा ते चौदा वयाची वीस मुलं ज्या वस्तीवर भरतील तिथं शाळा देऊ. उन्हाळ्यात घरोघरची गणती झाली. वस्तीनं मनातल्या मनात शाळेची जागासुद्धा ठरवून टाकली. आणि श्रावणात यादी लागली, त्यात बिरोबाच्या माळाचं नावच नव्हतं.

ही बातमी आणली तात्याबाच्या नातीनं, स्वरालीनं. ती सहावीत. तिच्या शाळेतल्या सुप्रियाबाई रोज बारामतीहून स्कूटरवर येतात. त्या पोरांना सरकारी संकेतस्थळं उघडून दाखवतात, आपल्या गावात पाऊस किती पडला, हापसे किती चालू, मुलं किती. वर सांगतात, "छापलेला आकडा आभाळातून पडत नाही. कुणीतरी दारात येऊन विचारलेलं असतं आणि कुणीतरी सांगितलेलं असतं. दोन्हीकडं चूक होऊ शकते. आपण जाऊन पाहायचं." स्वरालीनं आपल्या वस्तीचा आकडा काढला. चौदा. पोरगी घरी येऊन दप्तर न टाकताच मोजायला बाहेर पडली. बाराही घरं फिरून आली. तेवीस.

"आबा, नऊ पोरं गायब हायती," ती म्हणाली.

"असंल काय तरी," तात्याबा म्हणाला आणि गाईला वैरण टाकायला उठला. एकाच गाईला त्यानं दोनदा वैरण टाकली.

कारण गणतीच्या दिवशी काय झालं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ऋषिराज नावाचा गावातलाच तरुण गणतीला आला होता. वस्तीचा वडीलधारा म्हणून तात्याबा काठी टेकत त्याच्या पुढं चालला आणि पोरगा फॉर्म काढेपर्यंत दारादारात हळूच सांगत गेला, "एक कमी धरून सांगा गं." सांगायची तशी गरजही नव्हती, सगळी एकाच रीतीतली. पोरं असलेली घरं नऊ. प्रत्येक घरानं एकेक लेकरू दडवलं.

चार दिवसांनी स्वराली बाईंबरोबर ग्रामपंचायतीत जाऊन घरवार यादी बघून आली आणि त्या दिवसापासून आबाशी बोलेनाशी झाली. रोज संध्याकाळी ती त्याला पेपर वाचून दाखवायची, ते बंद. चहा आणून दिला तरी कप ठेवायची आणि निघून जायची.

"पोरीला काय झालंय?" तात्याबानं सारजेला विचारलं.

"मला काय म्हाईत? तुमीच काय तरी केलं असंल," सारजा म्हणाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिचं हे उत्तर सहसा चुकलेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी बिरोबाच्या देवळात बैठक बसली. हरकत घ्यायची मुदत सोमवारपर्यंत होती. सुप्रियाबाई आल्या, ऋषिराज आला, आणि सगळी वस्ती ऋषिराजवर तुटून पडली. सोपान, तात्याबाचा शेजारी, तर हात नाचवत उठला. "झाडाखाली बसून कागद भरलं ह्यानं! आमच्या पोरांचं वाटोळं केलं!" ज्यानं स्वतःच्या दारात एक पोरगं दडवलं होतं, तोच हे बोलत होता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला स्वतःचं काही आठवतही नव्हतं. ऋषिराजचा चेहरा पडला. त्याचं काम कंत्राटी. तक्रार लेखी गेली असती तर ते काम गेलं असतं.

"मी दारोदार फिरलोय, तात्या," तो म्हणाला. "तुमी संगं होता. सांगा की."

तात्याबा काठीकडं बघत राहिला. आता बोलावं तर सगळ्या वस्तीसमोर तोंड काळं, न बोलावं तर त्या पोराचं नुकसान.

तेवढ्यात स्वराली उठली. हातात वहीचं पान. "ऋषिराजदादांनी झाडाखाली बसून भरलं असतं, तर कुठल्या घरात दोन कमी झाली असती, कुठं एक जास्त," ती म्हणाली. "मी घरागणिक लिव्हलंय. नऊ घरं, आन हरेक घरात बराबर एक कमी. ही विचारणाऱ्याची चूक न्हाय." मग तिनं एकेक घर वाचलं. शेवटी स्वतःच्या घरावर आली. "तात्याबांचं घर. मुलं एक. मल्हार." एवढं वाचून तिनं पान मिटलं. "आमच्या घरात पोरगं तेवढं मोजलंय. मी मोजण्यात न्हाय."

तात्याबा उठला. काठी हातातून पडली ती त्यानं उचललीही नाही.

"ऋषिराजला बोल लावू नगा," तो म्हणाला. "पोरगं उन्हातान्हात फिरलं. ह्यो आकडा म्या कमी केला. दारादारात म्याच सांगितलं, एक कमी धरा म्हणून. नजर लागू नये म्हणून."

सोपान हळूच खाली बसला.

"मग मल्हारला दडवायचं हुतं," स्वराली म्हणाली. "मीच का?"

"बाई गं," तात्याबा म्हणाला, "पाऊस आला की जे कोकरू लई जिवाचं, ते आधी घोंगड्यात घेतो माणूस. नाव सांगायची येळ आली तवा माजा हात तुज्यावरच गेला."

स्वरालीला रडू येत होतं आणि रागही पुरता गेला नव्हता. मल्हार मात्र चिडून उभा राहिला. "म्हंजी मला नजर लागली तर चालतंय व्हय?" सगळं देऊळ हसलं. तात्याबालाही हसू आलं.

सुप्रियाबाई म्हणाल्या, "कागद अजून दुरुस्त होतोय. प्रत्येक घरानं सगळी नावं सांगायची, ऋषिराज लिहून घेईल. कोण सुरुवात करतंय?"

कुणीच नाही. शाळा सगळ्यांना हवी होती, रस्त्याची भीती सगळ्यांना होती, पण पुरा आकडा पहिल्यांदा बोलायचा कुणी? बायांनी पदर सारखे केले. बाप्ये चपला शोधायला लागले.

"नजर लागंल तवा लागंल," दारातून सारजा म्हणाली. "कारखाना चालू झाला की ट्रॅक्टर रोज येतोय."

तात्याबानं तिच्याकडं बघितलं. मग तो देवळाच्या अरुंद दारात जाऊन उभा राहिला, मेंढरं मोजताना मेंढवाड्याच्या तोंडाशी उभा राहायचा तसा. "पोरास्नी सोडा एकेक," तो म्हणाला. "नाव सांगत जावा रं."

पोरं निघाली. प्रत्येकाच्या पाठीवर त्याचा हात पडत होता. मेंढरं त्यानं नेहमी ओठांतल्या ओठांत मोजली होती, आज तो मोठ्यानं मोजत होता. एक. दोन. सोपानची दोन्ही गेली, दोघांना बघून सोपाननं बिरोबाला हात जोडले. सतरा, अठरा. वीस झाले तेव्हा बायांमध्ये कुजबुज झाली. बाविसाव्याला मल्हार उडी मारून गेला.

शेवटी स्वराली आली. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तात्याबा थांबला. त्याला बावड्याचा बाजार आठवला, ती साठ मेंढरं आठवली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "म्हणा की."

"तेवीस," तात्याबा म्हणाला. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असेल.

ऋषिराजनं लिहिलं. तात्याबानं तिच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"नाव लिव्हलं का?"

"लिहिलं, तात्या."

"वाच."

"स्वराली," ऋषिराजनं वाचलं.

"आजून एकदा वाच," तात्याबा म्हणाला. "मोठ्यानं."