फडकं काठावरच राहू दे

सकाळी आठ वाजता होडीचं कवच साच्यातून निघेना.

शेडमध्ये तिघंच होती: सून, तिचा नवरा आणि सासरे. काचधाग्यांची चटई राळेत भिजवून, थरावर थर चढवून होड्या घडवण्यात सासऱ्यांची हयात गेली. साचाही त्यांच्याच हातचा, एकुलता एक. अलीकडे मात्र आठवण दगा देई. एकदा राळेत ती घट्ट करणारं हार्डनर दुसऱ्यांदा पडून डबा धुमसला, तेव्हापासून लेकाने त्यांच्याकडे एकच काम ठेवलं होतं: साच्याला आतून मेण लावायचं. मेण लावायचं राहिलं की होडी आणि साचा एकजीव होतात, मग दोन्हींतलं एक फोडावं लागतं.

नवऱ्याने लाकडी पाचर ठोकली. डावी बाजू सुटली. उजवी ढिम्म.

"बाबा, इकडे मेण लावलं होतं ना?"

"लावलं असेल की."

"असेल?" त्याने हातोडा खाली ठेवला. "उद्यापासून घरी आराम करा. मी लावत जाईन."

आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. आजारपणात घरी बसलेले सासरे सुनेने पाहिले होते. खिडकीशी खुर्ची, आणि जेवायला हाक मारली की 'भूक नाही'.

तिची नजर भिंतीवरच्या खिळ्यावर गेली. मेणाचं फडकं तिथे छान घडी करून लटकत होतं. घडी तिच्या हातची. चहाला उठताना सासरे फडकं साच्याच्या काठावर टाकून जात आणि परतल्यावर तिथूनच पुढे लागत. डोक्याचा भरवसा नाही म्हणून त्यांनीच काढलेली युक्ती. मेण लावायच्या दिवशी, ते चहाला गेले असताना, गिऱ्हाईक यायचं म्हणून तिने आवराआवर केली होती.

"फडकं मी उचललं," ती म्हणाली. "ते कुठवर आले होते, कसं कळणार त्यांना? चूक माझी."

"तिचं ऐकू नकोस," सासरे म्हणाले. "मेण लागलंय की नाही, हे बोट फिरवलं की कळतं. मी फिरवलं नाही."

"या घरात एरवी चूक कुणाचीच नसते," नवरा म्हणाला. "आज दोघं वाटून घेताय." त्याने करवत उचलली. "कवच कापतो. साचा तरी वाचेल."

"थांब रे. आधीच्या होड्यांचं मेण मुरलंय त्यात, ते काय सगळं पळून जाईल? पोरी, पाण्याची नळी आण. फटीत पाणी शिरलं की कवच सुटत जातं."

डावीकडच्या फटीत तिने पाणी सोडलं. सासरे कवचावर कान टेकून रबरी हातोडीने टकटक करत पुढे सरकू लागले. अडकलेल्या जागी आवाज बद्द येई, सुटलेल्या जागी पोकळ.

दुपारी ते चहाला उठले तेव्हा उजवीकडे वीतभर जागेत आवाज पोकळ झाला होता. तिथेच काठावर त्यांनी खिळ्यावरचं फडकं आणून टाकलं. नवऱ्याने त्याला वळसा घालून पाचर पुढे सरकवली. करवत त्याने खाली ठेवली होती, उद्याबद्दल मात्र तो अजून काही बोलला नव्हता.