चार वाजून दहा मिनिटांचा ठसा

मित्रांनो, माझ्याकडे आता कुणी वेळ विचारत नाही. मी हजेरीचे एक जुने घड्याळ आहे. काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकाशी, भिंतीवर, मी एकतीस वर्षे काम केले. कामगार माझ्या फटीत आपले कार्ड सरकवत, दांडा दाबत, आणि त्यावर तारीख व वेळ उमटे. आठवड्याला माझी चाल फार तर वीस सेकंद मागे पडे. फाटकावर हजेरी ठेवणारे हजेरीकाका दर सोमवारी रेडिओवरच्या वेळेशी ताडून मला तेवढे पुढे घेत. उशिरावरून भांडण झाले की कुणीतरी म्हणे, घड्याळाला विचारा. तिथे विषय संपे. मला त्याचा अभिमान होता.

पॅकिंगच्या शेडमध्ये तेवीस बायका काम करत. तिथला मुकादम शेडच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावून ठेवी, कारण म्हणे बायका हवा खायला निसटतात. तपासनीस यायच्या दिवशी मात्र दार सताड उघडे. एका दुपारी साडेचारच्या सुमारास पुढच्या दाराशी रचलेल्या, बाटल्यांच्या मधे भरायच्या पेंढ्याने पेट घेतला. बायकांनी खिडकीची जाळी उचकटून बाहेर उड्या टाकल्या. सगळ्या वाचल्या. तापलेली जाळी धरून ठेवणाऱ्या, त्यांच्यातल्या अक्काचे तळहात मात्र भाजले.

मुकादमाने साहेबांना सांगितले की किल्ली दिवसभर फाटकाजवळच्या फळीवरच टांगलेली होती, कुलूप कुणी लावले देव जाणे. खरे तर ती त्याच्या खिशात होती. किल्ली नेणाऱ्याने किल्लीचे कार्ड माझ्यात छापून घ्यावे, असा नियम होता. मुकादमाने तो कधीच पाळला नव्हता. त्यामुळे कार्ड कोरे होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अक्का काकांसमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"काका, तो उद्या परत कुलूप घालणार."

"पुरावा काय आहे, अक्का? कार्ड कोरं आहे."

"मग कोरं ठेवू नका. एवढी वर्षं याला रोज पुसता, एकदा आमच्या उपयोगी पडू दे की."

काकांनी जेवणाचा डबा बाजूला सरकवला. मग त्यांनी माझे झाकण उघडले, तारखेचे चाक एक दात मागे घेतले, काटे चार वाजून दहा मिनिटांवर आणले आणि मुकादमाच्या नावाने किल्लीचे कार्ड छापले. मित्रांनो, तो ठसा खोटा होता. पण तो जे सांगत होता, ते खरे होते. हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.

संध्याकाळी ते कार्ड साहेबांच्या टेबलावर गेले आणि मुकादमाची नोकरी गेली. दाराची कडीच काढून टाकली. बायका येता-जाता माझ्याकडे पाहून हसत. साहेबांनी त्या तेवीस जणींना काही विचारले नव्हते, आणि त्याही एकत्र जाऊन बोलल्या नव्हत्या. माझा एक ठसा त्याहून सोपा होता.

चार वर्षांनी एका सकाळी भट्टीचा गॅसचा नळ फुटला आणि अक्काचा नवरा जागीच गेला. पाळी सहाला सुरू होई. त्याच्या कार्डावर सहा वाजून दोन मिनिटे होती. मालकांचे म्हणणे असे की नळ सहाच्या आधीच फुटला, हा माणूस परवानगीवाचून आत शिरला होता आणि कार्ड मागाहून कुणीतरी काटे फिरवून छापले. तो कामावर मेला की स्वतःच्या आगाऊपणाने, हे आता एकट्या माझ्या ठशावर ठरणार होते. ठसा अस्सल होता. त्याने स्वतः दांडा दाबला होता; सवयीप्रमाणे जरा जास्तच जोरात.

चौकशीच्या आधी मालकांच्या वकिलाने जुन्या मुकादमाला गाठले. आगीच्या दिवशी चार-दहाला आपण फाटकाकडे फिरकलोच नव्हतो, हे मुकादमाला पक्के ठाऊक होते. चौकशीत वकिलाने काकांना शांतपणे विचारले, खोटी वेळ छापायला या घड्याळाचे काटे कधी कुणी फिरवले होते का?

काकांनी अक्काकडे पाहिले. तिने हळूच मान हलवली. नाही म्हणा.

"एकदा," काका म्हणाले. "मीच."

त्यानंतर माझ्या कुठल्याच ठशाला अर्थ उरला नाही. निकाल मालकांच्या बाजूने लागला. बाहेर पडताना अक्का काकांजवळ थांबली. ती रडत नव्हती.

"तेव्हा खोटं बोललात ते माझ्यासाठी," ती म्हणाली. "आज खरं बोललात ते कुणासाठी, काका?"

 महिन्याभरात काकांनी काम सोडले. मला उतरवून गोदामात ठेवले. तेव्हापासून मला कुणी किल्ली दिलेली नाही, आणि खरे सांगायचे तर ती नकोशीच वाटते.

मित्रांनो, मला कधीही खोटे बोलायला लावू नका, असे ठणकावून सांगावे, तर ते कुलूप आठवते. खुशाल लावा म्हणावे, तर तो निकाल आठवतो. म्हणून विनवणी एवढीच आहे. ज्याच्या शब्दावर सगळे विसंबतात, त्याला हात घालण्याआधी स्वतःचा आवाज वापरून पाहा, एकट्याचा नव्हे, सगळ्यांचा मिळून. तरीही हात घालावाच लागला, तर उद्या याच शब्दाची गरज कुणाला पडेल, त्या माणसाचा चेहरा आधी शोधा. अक्काने तो शोधला नव्हता. त्या दिवशी तिचे हात भाजलेले होते, आणि तिचा नवरा तिला घास भरवत होता.