फक्त चहा घेतला

पंजाबराव काका गावाकडून पहिल्या जीपने आले, तेव्हा मी नुकतंच लॅबचं शटर वर केलं होतं. मलकापूरच्या या लॅबमध्ये मी दोन वर्षं रक्ताचे नमुने घेते. दंडाला पट्टा बांधायच्या आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते.

"काही खाल्लं का, काका?"

"नाही बाप्पा. निपट उपाशी हाव."

"चहा?"

"चाहा त घेतला. चाहा का खानं असते काय?"

"साखरेचा?"

"मंग काय मिठाचा घेऊ?"

"मागच्या बारीले बी घेतला होता?"

"दर बारीले घेतो. त्याच्याबिगर जीपमंधी बसवत नाही. पन संजीवनी, त्या डाक्टरच्या गोळ्याच फालतू हायत. दोनदा वाढवल्या, शुगर काही उतरत नाही."

मी पट्टा परत ट्रेमध्ये ठेवला. "उद्या या. चहा न घेता."

"एका कपासाठी येवढ्या दूर पुन्हा येऊ काय वं पोरी?"

"हो. नाहीतर तिसऱ्यांदा गोळी वाढंल."

काका पुटपुटत गेले. मी मात्र ट्रेकडे बघत राहिले. माझ्याही गोळ्या दोनदा वाढल्या होत्या, आणि त्याच दुपारी बारा वाजता मला मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमकडे जायचं होतं.

त्यांच्या कागदावर माझ्याविषयी लिहिलं होतं: झोप नाही, भूक नाही, परीक्षेचा ताण. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. लॅब सांभाळून मी सरकारी भरतीच्या परीक्षा देते, म्हणून तिसरं कारण मी दिलं होतं; ते कोणालाही पटतं.

खरं कारण पुष्पांजली. कॉलेजची तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. आमचं एकमेकींवर प्रेम होतं, त्याला दुसरा शब्द मी शोधत नाही. फेब्रुवारीत तिचं लग्न झालं. तिला सख्खी बहीण नाही, म्हणून करवली मी झाले. हातात करा घेऊन तिच्या मागे उभी राहिले, जेवले आणि घरी आले. कोणी वारलं असतं तर लोक बसायला आले असते. माझ्याकडे कोणी आलं नाही. काही गेलंय हेच कोणाला माहीत नव्हतं.

आमच्या वर्गातल्या एका मुलाला मुलं आवडायची. एका डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना सांगितलं होतं, लग्न करून द्या, सुधारेल. या मॅडमही तेच म्हणाल्या तर? मग अकोल्याला जायचं. तिथेही तेच ऐकलं तर नागपूरला. एका रिकाम्या फॉर्मच्या मागे मी दोन्हीकडच्या गाड्यांच्या वेळा लिहिल्या आणि तो घडी करून ओढणीच्या टोकाला बांधला.

आई, सुभद्राबाई, साडेअकराला डबा घेऊन लॅबवर आली, आणि आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. आमच्याकडे पेशंटसोबत आलेलं माणूस आत बसतं आणि उत्तरंही तेच देतं. मागच्या वेळी मॅडमनी विचारलं होतं, "जगू नये असं वाटतं का?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली होती, "नाही हो, तसं काही नाही." मी मान हलवली होती.

आजही आईनंच सुरुवात केली. "काही फरक नाही, मॅडम. भाकर बी उरते."

मॅडमनी पेन उचललं. "गोळी थोडी वाढवून बघू."

"थांबा," मी म्हणाले. "आई, तू बाहेर बस."

"काऊन? माह्यापासून काय लपवतं?"

"बाहेर बस."

आईनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "बसा थोडं बाहेर, मावशी." आई डबा घेऊन उठली. दार लागेपर्यंत मी थांबले.

"तुम्हाला मी चुकीची माहिती दिली," मी म्हणाले. मग पुष्पांजलीचं नाव घेतलं. तारखांसकट सगळं सांगितलं. आवाज दोनदा गेला, दोन्ही वेळा मी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. शेवटी सांगितलं, "मागच्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. रोज नाही, पण हो. आणि लग्नाचा उपाय सांगणार असाल तर मी आत्ताच उठते."

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "तुझं प्रेम हा आजार नाही. आजार त्या दुःखाचा आहे, आणि ते तू एकटीनं धरून ठेवलंस त्याचा." त्यांनी 'परीक्षेचा ताण' एका रेघेनं खोडलं, खालचं वाचता येईल असं, आणि बाजूला तारीख घातली. आम्हीही लॅबच्या रजिस्टरमध्ये चूक तशीच दुरुस्त करतो. मग त्या म्हणाल्या, "आईला माझ्याकडून काही कळणार नाही. पण जिवाला धोका वाटला तर एकटं राहायचं नाही. तेव्हा कोणाला बोलवायचं, ते आत्ता ठरवू."

ते ठरवायला अर्धा तास लागला. गोळी तेवढीच राहिली. दर गुरुवारी यायचं ठरलं.

बाहेर आई डबा मांडीवर घेऊन बसली होती. "मले नाही सांगत, अन् तिले सांगतलं?"

"तुले बी सांगीन. अजून हिंमत नाही."

"बिमारी मोठी हाय का?"

"मोठी हाय. पन आज बराबर सांगतली."

तिनं पदरानं डब्याचं झाकण पुसलं. "गुरुवारी मी येऊ का नाही?"

"ये. पन बाहेर बसजो."

"बाहेर पंखा नाही," ती म्हणाली, आणि डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.