छिद्र: एक

क्र. ४. तोफगोळा, सरावाचा. दुसरे महायुद्ध. निकामी. छिद्रे: दोन.

प्रत्येक वस्तूखाली अशी चिठ्ठी. अक्षर प्लासिडचं, शाळेच्या फळ्यावरचं, वळणदार. सांडोर गावातल्या त्याच्या घरात, हॉलमधल्या काचेच्या कपाटात नऊ तोफगोळे उभे होते. त्याने शाळेत एनसीसी शिकवली, निवृत्त झाला आणि भंगारवाल्यांकडे खेपा घालून हे जमवलं. पाहुण्यांना तो गोळ्याच्या आरपार असलेलं भोक दाखवायचा. "हा याचा मृत्यूचा दाखला. भोक म्हणजे आत दारू उरलेली नाही. भोक नसेल तर घरात घ्यायचं नाही."

नाताळाआधी सांडोरमध्ये सगळ्याला रंग लागतो. आळीतल्या क्रूसाला, फाटकाला, कुंड्यांना. प्लासिड तीन दिवस लेकीकडे, ॲनिशाकडे नाशिकला गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, सालोमीने, उरलेला चंदेरी रंग गोळ्यांनाही दिला. आधी भोकं पुट्टीने बुजवली. त्यांत कोळी राहायचे.

तो आला. कपाटापुढे उभा राहिला.

चष्मा जागेवर नसला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. म्हणाला, "छान दिसतात."

एवढंच.

सालोमीला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप. सोफा समोरच्या भिंतीला. का, तर ऊन येतं. डिसेंबरात. मग जेवताना, भाताकडे बघत: "रविवारची प्रार्थना यंदा आपल्याकडे नको, शेजारी स्टॅनीकडे ठेवूया का?"

"सगळ्या आळीला सांगून झालंय. तीस माणसं येतील. स्टॅनीचा हॉल केवढा?"

"मग अंगणात."

"तुला झालंय काय?"

"गुडघे दुखतात."

गुडघे. सालोमीने ताटं उचलली. भांडी घासताना तिच्या हातांना पुट्टी आठवू लागली. अंगठ्याने दाबायची, बोटाने सपाट करायची. पहिला गोळा, दोन्ही बाजूंना. दुसरा. सातवा. आठवा.

नववा?

नवव्याला पुट्टी लागलीच नव्हती. तो तिने मांडीवर घेऊन सँडपेपरने घासला होता. चांगला दणकून. वर गाणं म्हणत.

ती ओल्या हातांनी हॉलमध्ये गेली. काचेतून चिठ्ठ्या वाचल्या.

क्र. ९. तोफगोळा, सरावाचा. अर्नाळा, धर्मा मच्छीमाराच्या जाळ्यातून. निकामी. छिद्र: एक.

बाकीच्या सगळ्यांना दोन. आरपार भोकाला एकच तोंड कसं असेल?

"प्लासिड."

तो दारातच होता. कधीपासून, कोण जाणे.

"धर्माच्या गोळ्याला भोक होतं?"

"होतं."

"मी बुजवलं नाही."

"विसरली असशील. वय झालं, सालू."

"तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी कमी. कुठला तो, दाखव."

त्याने कपाटाकडे पाहिलं. नऊ चंदेरी गोळे, एकाच साच्यातले. रंगवून झाल्यावर तिने ते हाताला येतील तसे लावले होते, चिठ्ठ्या मात्र जुन्याच जागी.

"वजनाने कळेल," तो म्हणाला.

"मग उचल."

किल्ली त्याच्या खिशात होती. त्याने ती काढली, कुलपात घातली. फिरवली नाही.

"किंवा पुट्टी खरवड. आठांतून निघेल. नववा तो."

"पहिल्यांदाच नववा हाती आला तर?"

हे त्याच्या तोंडून निसटलं. सालोमीने हात पदराला पुसले आणि पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, कुठे सापडलं. "हॉलमध्ये," ती म्हणाली. कधी सापडलं. तिने फोन प्लासिडपुढे धरला.

"नमस्कार साहेब. मी निवृत्त शिक्षक. नियमाने जमवतो मी सगळं, चिठ्ठ्या लावून..." पलीकडून प्रश्न पुन्हा आला असावा. प्लासिडने सालोमीकडे पाठ केली. "गणपतीपासून."

तीन महिने. तिने याच हॉलमध्ये मटार सोलले होते.

हात लावू नका, शेजाऱ्यांना घेऊन लांब जा, असं त्यांना सांगण्यात आलं. स्टॅनीचं घर रिकामं करून दोघं केळीच्या वाडीपलीकडे, बांधावर जाऊन उभी राहिली. सालोमीच्या पायांत चपला नव्हत्या.

"सगळंच नेतील," तो म्हणाला.

"नेऊ देत."

"आठ चांगले आहेत गं त्यातले."

ती घराकडे बघत राहिली. "मला कधी सांगणार होतास?"

प्लासिडने बांधावरचं गवत उपटलं. मग, वर्गात चूक कबूल करणाऱ्या पोरासारखं:

"ड्रिल मशीन मागवून ठेवलं होतं. भोक पाडल्यावर सांगणार होतो."