सरासरी वेग: अठ्ठेचाळीस

हरियाणातल्या चंडीमंदिर छावणीच्या क्वार्टरमध्ये माझी सातवीतली ईश्वरी गणित वाचत होती: पिंजौर बारा किलोमीटर, जाताना वेग ताशी साठ, येताना चाळीस, तर सरासरी वेग किती?

"पन्नास! यात विचार कसला करतेस?" मी खेकसलो. लष्करी ताफ्यांची वेळापत्रकं आखण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत.

"नहीं बाबा. जाते हुए बारह मिनट, आते हुए अठारह. आधे घंटे में चौबीस किलोमीटर. यानी अड़तालीस!"

मी दोनदा हिशेब केला. दोन्ही वेळा अठ्ठेचाळीसच आले.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मी तेच गणित घातलं. कर्नलसाहेबांसकट सगळे पन्नासच म्हणाले. मी अठ्ठेचाळीस कसे, ते समजावून सांगितलं.

"कमाल आहे तुमची!" साहेब म्हणाले.

"मीही पन्नासच म्हणालो होतो, सर," मी छाती फुगवून सांगितलं. "माझी चूक माझ्या लेकीनं काढली."